विसणाचे गणित

आमच्या घरात गरम पाणी २३ लिटर आहे. हा हिशोब दिवसाचा नाही, एका वेळचा आहे. ते संपले की पुढचे तापेपर्यंत अर्धा तास थांबावे लागते, आणि ज्याच्या डोक्याला तेव्हा साबण लागलेला असतो त्याला तो अर्धा तास फार मोठा वाटतो. घर म्हणजे २६ फुटांचा ट्रेलर. मुलगी शिकून नोकरीला लागल्यावर डॅलसजवळचे घर आम्ही विकले आणि पिकअप ट्रकच्या मागे हा ट्रेलर जोडून टेक्सस, न्यू मेक्सिको आणि ॲरिझोना या राज्यांत हिंडत राहू लागलो, त्याला आता चार वर्षे झाली. चाकांवरच्या अशा घराला इथे आर.व्ही. म्हणतात. मिरज-पुण्याकडच्या नातेवाइकांना फोनवर हे सांगितले की त्यांचा पहिला प्रश्न संडासाचा असतो आणि दुसरा आंघोळीचा. पहिल्याचे उत्तर मी शिताफीने टाळते. दुसऱ्याचे उत्तर मात्र मला फोनवर कधीच पुरेसे देता आलेले नाही, म्हणून ते इथे सविस्तर लिहीत आहे.

अमेरिकेतल्या बहुतेक ट्रेलरांत पाणी तापवायची टाकी सहा किंवा दहा गॅलनची असते, म्हणजे २३ किंवा ३८ लिटरची. आमची लहान आहे. ट्रेलरच्या बाहेरच्या अंगाला पत्र्याचे एक जाळीदार दार असते, ते उघडले की आत बर्नर दिसतो. प्रोपेन गॅसची ज्योत टाकीच्या पोटातून गेलेल्या नळकांड्यात जळते आणि नळकांड्याभोवतीचे पाणी तापते. मी पहिल्यांदा हे दार उघडून आत डोकावले तेव्हा मोठ्याने हसले, कारण समोर आजीचा बंब होता, फक्त आडवा केलेला.

मिरजेच्या घरी न्हाणीघराच्या कोपऱ्यात तांब्याचा बंब होता. मधल्या नळकांड्यात वरून गोवऱ्यांचे तुकडे, करवंट्या आणि लाकडाच्या ढलप्या टाकायच्या, खालच्या जाळीतून राख पडायची आणि भोवतीचे पाणी तोटीतून घंगाळात यायचे. घरात माणसे नऊ आणि बंब एक, त्यामुळे नियम कडक होते. त्यातला पहिला असा, की जेवढे कढत पाणी काढले तेवढे गार पाणी वरून ओतल्याशिवाय कोणी न्हाणीघराबाहेर पडायचे नाही. बंब कोरडा पडला आणि आत विस्तव असला, तर डाख वितळून जोड सुटतात, हे आजीने आम्हाला इतक्या वेळा सांगितले होते की ‘डाख’ हा शब्द मी बहुधा ‘डाग’च्या आधी शिकले असेन. या इतिहासाचा मला पुढे काय उपयोग झाला, ते यथावकाश येईलच.

दुसरी गोष्ट विसणाची. बंबातले पाणी अंगावर घेता येत नसे. त्यात विसण, म्हणजे गार पाणी, घालून ते सोसवेल असे करावे लागे, आणि विसण किती घालायचे हे ऋतूवर अवलंबून असे. आर.व्ही.तले सगळे गणितही तिथूनच सुरू होते. आमची टाकी पाणी साधारण ५५ अंश सेल्सिअसपर्यंत तापवते. आंघोळीला ४० अंशांचे पाणी पुरते. जानेवारीत बाहेरच्या टाकीतले गार पाणी १० अंशांवर असते, तेव्हा मिश्रणाचे दोन भाग गरम आणि एक भाग गार असे प्रमाण पडते, आणि २३ लिटरांचे आंघोळीजोगे पाणी जेमतेम ३४ लिटर होते. ॲरिझोनाच्या उन्हाळ्यात नळाचे गार पाणीच ३० अंशांवर येते, तेव्हा तेच २३ लिटर ५७ लिटरांपर्यंत ताणले जातात. हे झाले कागदावर. प्रत्यक्षात वरून गरम पाणी निघू लागले की खालून गार पाणी आत शिरते आणि दोन्ही मिसळत जातात, त्यामुळे शेवटचा पाचवा भाग कोमटच हाती लागतो. बंबातही असेच व्हायचे, आणि तो शेवटचा पाचवा भाग नेहमी माझ्या धाकट्या काकांच्या वाट्याला यायचा, कारण ते उशिरा उठत.

आता तो उपयोग. टेक्ससमध्ये कडाक्याची थंडी येण्याआधी ट्रेलरचे नळ गोठून फुटू नयेत म्हणून आम्ही टाकी रिकामी करतो आणि मागच्या तीन झडपा फिरवून पाण्याची वाट टाकीला वळसा घालून जाईल अशी करतो. एका मार्चमध्ये आम्ही एका कॅम्पग्राउंडवर नळ आणि वीज दोन्ही असलेली जागा घेतली. या टाकीला गॅसखेरीज १४४० वॉटची विजेची कांडीही आहे, आणि विजेचे पैसे जागेच्या भाड्यातच धरलेले असल्याने अशा ठिकाणी आम्ही गॅस वाचवतो. मी गरम पाण्याचा नळ उघडला. पाणी व्यवस्थित आले. मी विजेचे बटण दाबले. झडपा मात्र अजून वळशावरच होत्या. नळाला आलेले पाणी टाकीतून आलेच नव्हते, टाकी ठणठणीत कोरडी होती, आणि कांडी मिनिटा-दोन मिनिटांत जळून गेली. नवी कांडी बसवायला आलेल्या माणसाने आत पाहून एवढेच विचारले की पाणी भरले होते ना. नऊ माणसांच्या घरात बंब सांभाळून वाढलेली मी, त्याच्यापुढे खाली मान घालून उभी राहिले.

गरम पाण्याच्या टंचाईत गरम पाणी सर्वांत आधी संपते, असे आम्हाला पहिले सहा महिने वाटत असे. ते खरे नव्हते. कॅम्पग्राउंड सोडून सरकारी माळरानावर राहायला गेल्यावर हे नीट कळले. पश्चिमेकडच्या राज्यांत ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट या केंद्र सरकारच्या खात्याची प्रचंड मोकळी जमीन आहे आणि तिथे बहुतेक ठिकाणी एका जागी १४ दिवस फुकट राहता येते. ॲरिझोनातल्या क्वार्टझसाइट गावाभोवती तर हिवाळ्यात चाकांवरच्या घरांची मोठी वस्तीच उठते. तिथे नळ नसतो, वीज नसते, गटार नसते. जे आहे ते आपल्याबरोबर: ताज्या पाण्याची १५० लिटरची टाकी, आणि मोरीतले सांडपाणी साठवणारी, जिला सगळे ग्रे टँक म्हणतात ती, जवळपास तेवढीच. ती भरली की संपले. तिथे हे पाणी जमिनीवर सोडता येत नाही, ट्रेलर हलवून डम्प स्टेशनपर्यंत, म्हणजे सांडपाणी रिते करायच्या ठिकाणापर्यंत, न्यावा लागतो, म्हणजे छत्री मिटा, खुर्च्या बांधा, कपाटे बंद करा, जॅक उचला.

आणि या दोन्ही टाक्यांचा सर्वांत मोठा शत्रू आंघोळ नसून आंघोळीआधीचे गार पाणी आहे. तापवायची टाकी ट्रेलरच्या एका टोकाला, न्हाणी दुसऱ्या टोकाला. मधल्या नळीत जे पाणी उभे असते ते गार झालेले असते. ते वाहून गेले, नळी स्वतः तापली, की मग गरम पाणी येते. आमच्याकडे यात दीड ते दोन लिटर पाणी जाते. एका वेळी ते काहीच वाटत नाही. पण तोंड धुवायला एकदा, भांड्यांना दोनदा, हात धुवायला असंख्य वेळा आणि आंघोळीला दोनदा असे केले, की दिवसाला १५ लिटर ताजे पाणी कोणाच्याही अंगाला न लागता ग्रे टँकमध्ये जमा होते. दहा दिवसांत एक अख्खी टाकी! हे मी वहीत मांडून दाखवले तेव्हा नवरा, जो व्यवसायाने हिशोबनीस होता, काही वेळ गप्प बसला.

तेव्हापासून सिंकपाशी स्टीलचा एक जग असतो. नळ सोडला की पहिले गार पाणी जगात. ते चहाला, भात धुवायला, नाहीतर संडासात ओतायला. गरम पाण्याची कामेही एकापाठोपाठ एक उरकायची, नळी तापलेली असेपर्यंत: आंघोळ झाली की लगेच भांडी, भांडी झाली की पुसायचा फडका. आणि बर्नर दिवसभर चालू ठेवायचा नाही. सकाळी अर्धा तास आधी लावायचा आणि काम झाले की बंद करायचा.

गॅसची चिंता मात्र आम्ही उगाच करत होतो. २३ लिटर पाणी १० अंशांवरून ५५ वर न्यायला, नळकांड्यातून वाया जाणारी उष्णता धरली तरी, सव्वाशे ग्रॅमच्या आसपास प्रोपेन लागतो. साडेतेरा किलोच्या एका बाटल्यात शंभर वेळा टाकी तापते. गॅस खातो तो रात्री घर ऊबदार ठेवणारा फर्नेस.

अमेरिकेत कायद्यानेच १९९४ पासून शॉवर मिनिटाला अडीच गॅलनांहून, म्हणजे साडेनऊ लिटरांहून, अधिक पाणी सोडू शकत नाही, आर.व्ही.चे शॉवर त्याहूनही हात आखडून पाणी देतात, आमचा साधारण सहा लिटर देतो. त्याच्या मुठीवर एक बटण असते. अंग ओले करा, बटण दाबून पाणी थांबवा, साबण लावा, पुन्हा बटण सोडून अंग धुवा. अमेरिकन नौदलात जहाजावरच्या खलाशांना अशीच आंघोळ शिकवतात आणि तिला नावही नेव्ही शॉवर असेच आहे. तत्त्व उत्तम आहे. पण बटण दाबल्यावरही शॉवर थोडा ठिबकत राहतो, आणि थांबलेल्या काळात गरम-गारचा मेळ बिघडतो. पुन्हा सोडले की पहिला झोत एकतर चटका देणारा असतो नाहीतर बर्फासारखा, आणि तो अंगावरून चुकवण्यासाठी आपण भिंतीला पाठ लावून उभे राहतो, त्या वेळात आणखी एक लिटर जाते. दोन वर्षे मी असे भिंतीला पाठ लावून उभी राहिले.

मग एकदा शॉवरचा पाइप चिरला. नवा मिळेपर्यंत चार दिवस जाणार होते, म्हणून दहा लिटरची प्लॅस्टिकची बादली आणली आणि जुना स्टीलचा तांब्या काढला. पहिल्या सकाळी बादली शॉवरच्या नळाखाली धरली आणि सवयीप्रमाणे पहिले गार पाणी बाजूच्या जगात काढायला गेले, तोच हात थांबला. गार पाणी बाजूला कशाला काढायचे? ते बादलीतच हवे होते. दहा लिटरच्या आंघोळीला थंडीत सव्वातीन लिटर गार पाणी मिसळावेच लागते. नळीतले ते दोन लिटर, ज्यांच्यासाठी मी वर्षभर जग घेऊन धावत होते, ते आयते विसण होते. शॉवरखाली ते फेकण्याखेरीज गत्यंतर नसते, कारण शॉवर विसण वेळेवर मागतो, आधी आलेले घेत नाही. बादलीला क्रमाचे काही वाटत नाही. आधी गार आले काय आणि नंतर गरम आले काय, शेवटी हात घालून पाहिले की झाले.

नवा पाइप आला, बसवलाही. पण माळरानावर असताना आम्ही आजही बादलीनेच आंघोळ करतो. बादलीची वकिली करताना तिचे दोष झाकत नाही. न्हाणी अडीच फूट बाय अडीच फूट आहे, बसायला पाट मावत नाही, उभ्याने वाकून तांब्या भरताना कोपर दाराला लागते, आणि पहिल्या दिवशी मी गावाकडच्या जोमाने डोक्यावर तांब्या ओतला तेव्हा उथळ तबकातले पाणी उंबऱ्यावरून थेट पलंगाखाली गेले. तांब्या खांद्यापाशी नेऊन हळू रिता करावा लागतो. माणशी पावणेसात लिटर गरम पाणी लागते, म्हणजे एका टाकीत तीन माणसे. तिसरा जरा कोमटावर.

केस धुण्याचे प्रकरण यात बसत नाही. आमच्याकडे आंघोळ रोज करतात आणि न्हातात आठवड्यातून एकदा. दोन्ही शब्द वेगळे का आहेत, हे १५० लिटरच्या टाकीवर राहताना लख्ख कळते. माझे केस अजून लांब आहेत आणि ते नीट धुवायचे तर बादलीभर पाणी निव्वळ त्यांनाच लागते. म्हणून न्हायचा दिवस आता वारावर ठरत नाही, जागेवर ठरतो. जिथे नळ आणि गटार दोन्ही जोडता येतात अशा कॅम्पग्राउंडवर दर दहा-बारा दिवसांनी दोन रात्री काढायच्या, आणि त्या दोन दिवसांत मी न्हाते, चादरी निघतात, टाक्या धुतल्या जातात. तिथेही अडचण असतेच, पण विजेची: कांडी १२ अँपिअर घेते, जोडणी ३० अँपिअरची असते, आणि पाणी तापत असताना एसीही चालू असला आणि कोणी मायक्रोव्हेव लावला की सगळेच बंद पडते.

नवऱ्याला मध्यंतरी टाकीविना पाणी तापवणारा, आपल्याकडच्या गॅस गिझरसारखा हीटर बसवायची हुक्की आली होती. त्यात पाणी वाहू लागले की ज्योत पेटते आणि गरम पाणी कधीच संपत नाही. जिथे नळ जोडलेला आहे तिथे ते सुख असेल. पण प्रवाह फार बारीक केला की तो विझतो, आणि बंद करून पुन्हा सोडला की मध्ये गार पाण्याचा एक तुकडा येतो. म्हणजे जपून वापरणाऱ्यालाच तो शिक्षा करतो. शिवाय न संपणारे गरम पाणी १५० लिटरच्या टाकीतूनच यायचे असते. मी नको म्हटले, आणि या एका वादात मी जिंकले हे इथे नोंदवून ठेवते.

त्याची भरपाई म्हणून की काय, गेल्या वर्षी आमच्याकडचे सगळे पाणी एकाएकी कोमट झाले. टाकी हात भाजेल इतकी तापलेली, आणि नळाला मात्र शिळ्या चहासारखे पाणी. एका दुरुस्तीच्या दुकानात थर्मोस्टॅट बदलून घेतला. पैसे गेले, पाणी कोमटच राहिले. पुढे शेजारच्या ट्रेलरमधल्या वयस्क गृहस्थाने, आमची तक्रार पुरती ऐकून न घेताच, ट्रेलरच्या बाहेरच्या भिंतीवरची एक छोटी खिडकी उघडली. तिच्यात बाहेरचा शॉवर असतो, पायांचा चिखल धुवायला. नवऱ्याने आठवड्यापूर्वी बूट धुऊन शॉवरच्या मुठीवरचे बटण बंद केले होते, पण मागचे गरम आणि गार हे दोन्ही नळ उघडेच ठेवले होते. त्या दोन उघड्या नळांमधून गार पाणी गरम पाण्याच्या नळीत शिरत होते आणि घरभर विसण घालत होते, कोणी न मागता. गृहस्थाने दोन्ही नळ पिरगाळले आणि तो आपल्या खुर्चीत जाऊन बसला.

गेल्या दिवाळीत माझी मावसबहीण आणि तिचे यजमान फीनिक्सहून आमच्याकडे आले. आम्ही न्यू मेक्सिकोत डेमिंगजवळच्या सिटी ऑफ रॉक्स या उद्यानात होतो. माळाच्या मधोमध उभ्या असलेल्या उंचच उंच खडकांच्या बोळांत गाड्या लावायच्या जागा आहेत, आणि आमच्या जागेला वीज नव्हती. नरकचतुर्दशीला सूर्योदयापूर्वी अभ्यंगस्नान व्हायला हवे, हे बहिणीने आल्याआल्याच जाहीर केले. सूर्योदय साडेसहाच्या सुमारास, माणसे चार, आणि गरम पाणी तिघांपुरते. म्हणजे चौथ्यासाठी टाकी पुन्हा तापवणे आले.

रात्री वहीत वेळापत्रक मांडले. साडेचारला बर्नर लावायचा, पाचला पहिली बादली. बाहेर पाणी गोठेल अशी थंडी होती, आणि गार पाणी १० अंशांहूनही खाली गेले असणार हे मी हिशोबात धरायला विसरले. कारीट मिळणे शक्यच नव्हते. रस्त्याकडेला वाळून पडलेला एक कडू रानभोपळा बहिणीने उचलून आणला होता, तो पायरीवर एकेकाने टाचेखाली धरला. तेल-उटणे लावून ती आत गेली आणि पाच मिनिटांनी आतून हाक आली.

“अगं, विसण जास्त झालं! अजून एक तांब्या कढत दे.”

तो एक तांब्या मी दिला. माझ्या बादलीतही तेच झाले. भाऊजींची पाळी आली तोवर टाकीतले पाणी कोमट झाले होते, आणि पाहुण्याला कोमट पाणी द्यायचे नाही म्हणून मी आंघोळी थांबवल्या. सहा वाजायला दहा मिनिटे होती. अंगाला तेल चोपडलेले दोन पुरुष शाली गुंडाळून, बाहेरच्या बाजूने येणारा बर्नरचा घरघराट ऐकत, पलंगाच्या कडेवर शेजारी शेजारी बसले. सव्वासहाला भाऊजी आत गेले. ते बाहेर आले तेव्हा पूर्वेकडच्या खडकांच्या कडा उजळल्या होत्या आणि बहीण दारात उभी राहून फोनवर सूर्योदयाची वेळ पुन्हा पुन्हा पाहत होती.

“अजून सात मिनिटं आहेत,” ती म्हणाली, “होईल का त्यांचं?”

नवरा तोवर आत शिरला होता. मी बर्नर बंद केला, जगात राहिलेले गार पाणी चहाच्या पातेल्यात ओतले आणि चौघांचा चहा टाकला.